फोल्कमार, दहापैकी आठ

फेब्रुवारीतल्या एका रविवारी मी एवढंच म्हणालो, "तू जा. माझं नाक ठणठणीत आहे." पुढचं सगळं रामायण या एका वाक्यातून घडलं, आणि वाक्य मी पूर्ण शुद्धीवर असताना बोललो होतो, त्यामुळे दोष द्यायलाही कुणी उरलं नाही.

निमित्त होतं बटाट्यांचं. रोझविटा, म्हणजे माझी बायको, बटाटे गॅसवर ठेवून तळघरातून, पूर्वी कोळसा असायचा त्या जागी ठेवलेली लोणच्याची बरणी आणायला गेली. मी स्वयंपाकघरात टेबलाशी पेपर वाचत बसलो होतो, शेगडीपासून दोन हातांवर. ती परत आली तेव्हा पातेल्यातलं पाणी आटून बटाट्यांचा कोळसा झाला होता (म्हणजे तळघरातला कोळसा गेला तो वर आला, असं म्हणता येईल), धूर छताला लागला होता, आणि मी पान उलटत होतो.

"तुला वास नाही आला?" खिडकी उघडत तिने विचारलं.

"मी वाचत होतो."

"नाकाने वाचत होतास?"

वजनकाट्यांच्या नव्या नियमांवर लेख होता. मी चौतीस वर्षं वजन-मापं तपासणी कार्यालयात काढली आहेत. जर्मनीतल्या आमच्या या पिर्ना गावातला एकही खाटीक माझ्या डोळ्यांदेखत सॉसेज दहा ग्रॅम कमी तोलू शकला नाही. असा लेख काही रोज छापून येत नाही, पण हे बायकोला समजावून सांगण्यात अर्थ नसतो.

दुसऱ्या दिवशी तिने प्रौढ-शिक्षण केंद्राचं पत्रक माझ्यासमोर ठेवलं. 'वय वाढतं तसं नाक मंदावतं. बारा आठवड्यांचा घ्राण-सराव. गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी. सकाळ-संध्याकाळ.' ती म्हणाली, आपण दोघं जाऊ. त्यावर मी ते वाक्य बोललो. वर अशीही भर घातली की तुझं नाक दुरुस्त करून घे, मी घर सांभाळतो.

तिने पत्रकाची घडी घातली. मग म्हणाली, "बरं."

चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात एक गोष्ट मला कळायला हवी होती. रोझविटा वाद घालते तेव्हा काळजीचं कारण नसतं. ती 'बरं' म्हणते तेव्हा असतं.

वर्गात सरावासाठी जोड्या लावल्या. एकाने डोळे मिटायचे, दुसऱ्याने तपकिरी बाटली नाकाखाली धरायची. चिठ्ठ्या टाकल्या आणि रोझविटाच्या वाट्याला आला फोल्कमार झायडेल. आमच्याच बिल्डिंगमधला, वरच्या मजल्यावरचा. चाळीस वर्षं बेकरी चालवलेला, सहा वर्षांपासून विधुर. दोन वर्षांपूर्वीच्या तापात त्याचं नाक पार बसलं होतं, ताजा पाव आणि ओला पुठ्ठा यांत फरक कळत नव्हता. अडुसष्टाव्या वर्षी डोक्यावर सगळे केस. मी मोजले नाहीत, पण सगळे असावेत.

"एकाच जिन्यावर राहतो, किती सोयीचं," रोझविटा म्हणाली.

"फारच सोयीचं," मी म्हणालो.

आता आमच्याकडची एक रीत सांगतो. इथे शेजाऱ्याला कुणी उठून 'तू' म्हणत नाही. झायडेल आणि मी एकोणीस वर्षं जिन्यात भेटत होतो आणि एकोणीस वर्षं 'नमस्कार कुन्त्सेसाहेब, नमस्कार झायडेलसाहेब, तुमचा जिना झाडायचा आठवडा ना हा' एवढंच बोलत होतो. अशा संबंधांना एक भारदस्तपणा असतो. आणि पंधराव्या दिवशी माझी बायको स्वयंपाकघरातून हाक मारते, "फोल्कमार, तू साखर घेतोस का रे?"

मी बैठकीत होतो. माझ्या हातातला चमचा बशीत पडला.

तो गेल्यावर मी सहज विचारलं, "झायडेलसाहेबांना तू म्हणायला लागलीस?"

"डोळे मिटून ज्याच्यासमोर बसायचं त्याला तुम्ही काय म्हणायचं?"

हे उत्तर मला आवडलं नाही. रात्री कूस बदलत मी त्यातला प्रत्येक शब्द तपासला आणि एकही आवडला नाही.

रोज संध्याकाळी पाच वाजता जिन्यात त्याच्या सपाता वाजायच्या. हातात खसखशीच्या केकची ताटली असायची. (दोन तुकडे. तीन कधीच नाहीत. हिशोबात मी धरलेलोच नव्हतो.) स्वयंपाकघराचं दार ओढलं जायचं, कारण म्हणे सरावाला शांतता लागते. मी बैठकीत कार्यालयातून निरोपाच्या दिवशी मिळालेलं सेकंदांचं घड्याळ घेऊन बसायचो. पत्रकात स्पष्ट लिहिलं होतं: प्रत्येक बाटली वीस सेकंद. चार बाटल्यांचे ऐंशी. मध्ये तीनदा अर्ध्या मिनिटाची विश्रांती, म्हणजे नव्वद. एकूण एकशे सत्तर. दोघांचं मिळून सहा मिनिटंही होत नाहीत. झायडेल पन्नास मिनिटं बसायचा. मग उरलेली चव्वेचाळीस मिनिटं हे दोघं कशाचा वास घेत होते?

मला हेवा वाटत होता. सरळच सांगतो. एकाहत्तराव्या वर्षी, डायबेटिसची गोळी घेऊन, लोकरीचे मोजे घालून मी वरच्या मजल्यावरच्या बेकरीवाल्यावर जळत होतो, आणि असा जळत होतो की शेगडीवरचे बटाटे बरे.

त्यात रोझविटाचं नाक दिवसेंदिवस तल्लख होत चाललं. जिन्यात उभी राहून खालच्या बाईंनी आज काय शिजवलंय ते सांगायची. माझ्या कोटाला हुंगून म्हणायची, तू बँकेत नव्हतास, मासळीच्या दुकानात होतास. बाहेर फुटपाथवर थांबून म्हणायची, लिलॅक फुलायला लागलाय. मी म्हणायचो, हो ना, किती छान. (मला लिलॅक दिसतही नव्हता.) आणि एकदा केस विंचरता विंचरता, "फोल्कमारच्या अंगाला काय सुंदर लॅव्हेंडरचा वास असतो. अगदी हलका."

"आणि माझ्या?" मी विचारलं.

"तुझ्या अंगाला तुझा वास असतो," ती म्हणाली. हे गुण होते की शेरा, ते तिने सांगितलं नाही.

एका मंगळवारी मी स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेलो तर टेबलावर तिची सरावाची वही उघडी पडलेली. मी दुसऱ्याची वही वाचणाऱ्यांतला नाही. पण वही उघडी असली की ती वाचण्यात मोडत नाही, बघण्यात मोडते. त्यात लिहिलं होतं:

'सोमवार, संध्याकाळ. फोल्कमार. डोळे मिटले. आधी काहीच जाणवलं नाही. मग एकदम उबदार, गोड, जरा झोंबणारं. लहानपणीचा नाताळ आठवला. दहापैकी आठ.'

मी खुर्चीत बसलो. दहापैकी आठ. माझ्या संसाराला आजवर कुणी गुण दिले नव्हते, आणि देते तर आठ मिळाले नसते हे मला तत्क्षणी कळलं. ते वर्णन लवंगेच्या बाटलीचं आहे आणि फोल्कमार हे बाटली धरणाऱ्याचं नाव आहे, हेही माझ्या लक्षात आलं. पण वीस मिनिटांनी. आणि तोवर जो जीव जळायचा तो जळून गेला होता.

मग मी एक गोष्ट केली, जी वजन-मापं खात्यातल्या माणसाने करू नये. दुपारी रोझविटा बाजारात गेली असताना मी लवंगेच्या बाटलीवरची चिठ्ठी लिंबाच्या बाटलीला लावली आणि लिंबाची लवंगेला. बेत साधा होता. झायडेल लिंबू म्हणून लवंग धरणार, गोंधळ होणार, हा माणूस बाटली धरायच्याही लायकीचा नाही हे रोझविटाला कळणार. मी आयुष्यभर दुसऱ्यांची खोटी मापं पकडली होती. खोटं माप करण्यात एवढं समाधान असतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

पाच वाजता दार ओढलं गेलं. पाच वाजून एक मिनिटाने ते उघडलं.

"एबरहार्ट," रोझविटा दारात उभी होती, "बाटल्यांना हात लावलास?"

"मी? मला काय करायचंय तुमच्या बाटल्यांशी?"

"लवंगेच्या चिठ्ठीला हेरिंगचा वास येतोय."

दुपारी मी हेरिंग मासा खाल्ला होता. हात धुतले होते, साबणाने धुतले होते. तिच्यामागे झायडेल चिठ्ठ्यांकडे फार बारकाईने पाहत होता. माणूस हसू दाबताना असाच पाहतो.

सातव्या आठवड्यात मात्र दार नीट लागलं नव्हतं आणि फटीतून मला दिसलं ते बरं नव्हतं. झायडेलला त्या दिवशी पहिल्यांदा लवंगेचा वास आला. दोन वर्षांनी. तो मोठा माणूस रुमालात तोंड घालून रडत होता, म्हणत होता, "इर्मगार्ड नाताळच्या केकमध्ये घालायची." इर्मगार्ड म्हणजे त्याची गेलेली बायको. आणि माझ्या बायकोचा हात त्याच्या हातावर होता. चार सेकंद. (घड्याळ हातात होतंच.) दुसरा कुणी असता तर मलाही भरून आलं असतं. थोडंसं आलंही. पण मी ते आवरलं, कारण एकाच वेळी जळायचं आणि भरूनही यायचं हे माझ्या प्रकृतीला झेपत नाही.

मे महिन्यात बारा आठवडे संपले आणि वर्गाच्या बाईंनी, डॉक्टर टाबेआ लिंकेंनी, निरोपाचा कार्यक्रम ठरवला. प्रत्येकाने घरच्या माणसाला आणायचं. प्रत्येकाने, पाहुण्यानेसुद्धा, दोन दिवस अंगात घातलेलं एक कापड रबरी कडीच्या काचेच्या बरणीत बंद करून आणायचं. सेंट, साबण काही लावायचं नाही. मग डोळे बांधून बरण्यांमधून आपलं माणूस ओळखायचं.

(जुन्या पूर्व जर्मन राजवटीत आमच्याकडे गुप्त पोलिसांतले काही साहेब लोक माणसांचे वास असेच बरण्यांत भरून कपाटात ठेवायचे, पुढेमागे कुत्र्यांना उपयोगी पडावेत म्हणून. त्यामुळे वर्गातल्या दोन-तीन म्हाताऱ्यांनी बरणी म्हटल्यावर जरा कुरकूर केली. पण या वेळी आपापल्या बायकांनीच हुंगायचं असल्याने ते तयार झाले. एकजण म्हणाला, कुत्रे परवडले.)

मला मात्र दोन रात्री झोप लागली नाही. उघड होतं की बरण्यांत माझा बनियन असणार आणि झायडेलचाही असणार. बारा आठवडे रोज पन्नास मिनिटं ज्याचा वास घेतला तो माणूस एकीकडे, आणि चव्वेचाळीस वर्षं घरात पडून असलेला मी दुसरीकडे. सवय झालेल्या गोष्टीचा वास येत नाही असं टाबेआबाई स्वतःच म्हणाल्या होत्या. चार लोकांसमोर रोझविटाने त्याची बरणी उचलून 'हा माझा नवरा' म्हटलं तर मी कुठल्या जिन्याने घरी जाणार होतो? जिना एकच होता, आणि तोही त्याच्याच दाराकडे जात होता.

म्हणून मी औषधांच्या दुकानातून लॅव्हेंडरच्या पाण्याची बाटली आणली. तिला तो वास आवडतो ना, मग घे. बनियनवर थोडं शिंपडलं. हुंगलं. काही कळेना. पाणी भेसळीचं असावं असं वाटून आणखी ओतलं. तरी काही नाही. अर्धी बाटली संपली तेव्हा अगदी पुसटसं काहीतरी जाणवल्यासारखं झालं. अगदी हलका वास, जसा तिला आवडतो. मी बरणीची कडी लावली.

कार्यक्रमाच्या दिवशी टाबेआबाईंनी रोझविटासमोर पाच बरण्या मांडल्या. डोळ्यांवर पट्टी. पहिली उघडली. "हा नाही." दुसरी. "हा फोल्कमार," ती लगेच म्हणाली. नवऱ्याच्या आधी शेजारी ओळखला. तिसरी. "नाही." चौथी बरणी उघडली तेव्हा टाबेआबाईंच्याच डोळ्यांत पाणी आलं आणि पहिल्या रांगेतल्या एका बाईंनी खिडकी उघडली.

रोझविटा मागे सरकली, मग पुढे वाकली.

"हा माझा," ती म्हणाली.

"कसं ओळखलंत?" टाबेआबाई नाकावर रुमाल धरून म्हणाल्या.

"वर लॅव्हेंडर. अर्धी बाटली तरी असेल. एवढं ओतून ज्याला कळत नाही असा माणूस या गावात एकच आहे. त्याच्या खाली सिगार. मार्चमध्ये सोडली म्हणून डॉक्टरांना सांगून आलाय." लोक हसले. ती हसली नाही. पुन्हा एकदा तिने खोल वास घेतला. "आणि अगदी तळाशी तो आहे. पेन्सिलीचा भुसा, लोणी आणि धुतलेली लोकर. हा वास मी चव्वेचाळीस वर्षं उशीवर घेतलाय. हा मला अंधारात सापडेल."

माझा ऊर एवढा भरून आला की सिगारचं उघड झालेलं मला ऐकूही आलं नाही. तिने मला ओळखलं होतं. लॅव्हेंडरमधून, सिगारमधून, एवढ्या लोकांमधून. मी झायडेलकडे पाहिलं. तो टाळ्या वाजवत होता. वाजव म्हटलं, वाजव.

आणि त्या भरात, वरचढ माणसाने जे करू नये ते मी केलं. उभा राहून म्हणालो, "माझीही परीक्षा घ्या. मीसुद्धा माझ्या बायकोला ओळखून दाखवतो."

"तुम्ही सराव केलेला नाही, कुन्त्सेसाहेब," टाबेआबाई म्हणाल्या.

"सरावाची गरज त्याला, ज्याचं नाक बिघडलंय."

"घ्या हो बाई, घ्या त्याची," रोझविटा म्हणाली. जरा जास्तच पटकन म्हणाली, पण ते माझ्या घरी गेल्यावर लक्षात आलं.

पट्टी बांधली. पहिली बरणी नाकाखाली आली. काहीच नाही. दुसरी, काहीच नाही. पाचही बरण्या हुंगल्या; पाचही जणांनी चांगल्या घासून, वाळवून रिकाम्याच आणल्या असाव्यात असं वाटलं. आता 'येत नाही' म्हणणं शक्य नव्हतं. तेव्हा मी शरण गेलो ते माझ्या खात्याला. बरण्या हातात द्या म्हणालो आणि एकेक तोलली. रोझविटाने बरणीत आपला गळ्याचा रुमाल घातला होता हे मला माहीत होतं. ऐंशी ग्रॅम, फार तर पाच इकडे-तिकडे. बरण्या सगळ्या एकाच मापाच्या. तिसरी उचलली आणि हाताने साक्ष दिली: ऐंशी. चौतीस वर्षांत हा हात चुकलेला नाही.

"हीच," मी म्हणालो. आणि एवढ्यावर थांबलो असतो तर निभावलं असतं. पण ती माझ्याबद्दल इतकं सुंदर बोलली होती. मी बरणी छातीशी धरली. "हा वास मी लाखांत ओळखीन. बागेतला गुलाब आहे यात. ताजा पाव आहे. आमचं लग्न झालं त्या दिवशी हाच वास होता. चव्वेचाळीस वर्षं मी या वासासाठीच घरी येतो." आणि बरणीत तोंड घालून मी त्या कापडाचा मुका घेतला.

कुणीही हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. मग कुणीतरी घसा खाकरला.

"आभारी आहे, एबरहार्ट," फोल्कमार म्हणाला. "तुझ्या मनात हे होतं याची मला कल्पना नव्हती."

मी पट्टी काढली. हातात पांढरा, निळ्या काठाचा रुमाल होता, बेकरीवाले गळ्याला बांधतात तसला. वर्गातल्यांना ओळखायला बनियन आणि पाहुण्यांना ओळखायला रुमाल, अशी दोन कापडं आणली होती त्याने. आणि एकोणीस वर्षांत पहिल्यांदा तो मला 'तू' म्हणाला होता. ज्याच्या रुमालाचा चारचौघांत मुका घेतला त्याने आता 'तुम्ही' म्हणावं अशी अपेक्षा तरी कशी करायची?

घरी येताना नदीकाठच्या बाकावर रोझविटाने मला बसवलं.

"कधीपासून माहीत होतं तुला?" मी विचारलं.

"गेल्या वर्षीपासून. नासलेलं दूध कॉफीत घालून प्यालास आणि मला म्हणालास, ही नवीन कॉफी चांगली आहे."

"मग सांगायचं की."

"सांगितलं. पत्रक तुझ्यासमोर ठेवलं. तू म्हणालास, तुझं नाक दुरुस्त करून घे." तिने हातातली पिशवी मांडीवर नीट ठेवली. "घरात गॅस आहे, एबरहार्ट. मी दोन दिवस बहिणीकडे गेले तरी मला तिथे झोप लागत नाही. तुला ओढून नेता येत नाही हे मला ठाऊक होतं. पण तुला जाळता येतं, तेही ठाऊक होतं. म्हटलं, जळून जळून एक दिवस स्वतःच येईल."

"आणि ती चव्वेचाळीस मिनिटं?"

"कुठली चव्वेचाळीस?"

"रोजची. सहा मिनिटं सराव, आणि मग?"

"तुझ्याबद्दलच बोलायचो. फोल्कमार म्हणाला, वही टेबलावर उघडी टाक. मी म्हटलं, छे, माझा नवरा दुसऱ्याची वही वाचत नाही."

मी नदीकडे नाक करून खोल श्वास घेतला. मग म्हणालो, "लिलॅकचा काय छान वास येतोय."

"लिलॅक संपून आठवडा झाला," ती म्हणाली आणि माझा हात धरला. चार सेकंदांपेक्षा बराच जास्त वेळ. या वेळी मी मोजलं नाही.

जूनपासून मी सरावाला जातो. रोझविटाने घरी बाटल्या धरायला साफ नकार दिला; तिच्यापुढे मी 'आला, आला' म्हणून खोटं सांगतो असं तिचं मत आहे. त्यामुळे रोज पाच वाजता सपाता वाजतात, फोल्कमार येतो, दार ओढून घेतो आणि मी डोळे मिटून त्याच्यासमोर बसतो. केकचे तुकडे अजूनही दोनच असतात.

वहीत मी प्रामाणिकपणे लिहितो. 'फोल्कमार. डोळे मिटले. काहीच जाणवलं नाही. दहापैकी शून्य.' गेल्या गुरुवारी मात्र पहिल्यांदा काहीतरी उबदार, गोड असं जाणवलं, आणि मी 'दहापैकी एक' असं लिहून वही स्वयंपाकघराच्या टेबलावर उघडी ठेवली. जरा तिलाही जळू दे म्हटलं. तासाभराने जाऊन पाहिलं, तर त्या पानावर बटाट्यांची सालं पडली होती.